वाचकाने रडावे ही विनंती

खैरूनआपांनी माझी पहिली कथा नाकारली आणि मग मला चहा दिला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी चहा दिला असता तर मला आशा वाटली असती, आणि कुणाला फुकटची आशा लावणं आपांना पटत नसे.

मी तेव्हा शिरूरला राहत होतो, रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कामाला होतो आणि उरलेल्या वेळात कथा लिहीत होतो. दौंडहून एक दिवाळी अंक निघायचा, त्याला कथा पाठवली. काही दिवसांनी संपादकांचा फोन आला, "मुलाणी बोलतेय. रविवारी येऊन जा." कथा आवडली असणार असं समजून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी कॉट आणि चार न जुळणाऱ्या खुर्च्या होत्या, आणि बाकी सगळीकडे पुस्तकं. आपा साठीच्या पुढच्या, बुटक्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. माझी कथा त्यांच्या मांडीवर होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "ही कथा न्हाई. हा अर्ज हाय."

"अर्ज?"

"व्हय. विषय, वाचकाने रडणेबाबत. महोदय, माझ्या नायिकेचा मुलगा परदेशी असून तिला फोन करीत नाही. सबब आपण रडावे ही नम्र विनंती." हे सगळं त्यांनी चेहऱ्यावरची एकही रेष न हलवता म्हटलं. "मंजूर करायला मी काय साहेब हाय?"

त्यांनी पान उलटलं.

"म्हातारी शेवटी मरती. त्या दुपारी ती काय जेवली?"

"ते नाही लिहिलं."

"मंग उपाशी मारली तुम्ही तिला."

यानंतर चहा आला.

आपांचं पूर्ण नाव खैरुन्निसा मुलाणी. पाटबंधारे खात्याच्या शिरूरच्या कार्यालयात कारकून म्हणून लागल्या आणि त्याच कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. नवरा दौंडला रेल्वेत होता म्हणून घर दौंडला, नोकरी शिरूरला, आणि मधे एसटी. त्यांच्या दोन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह प्रसिद्ध आहे, पण कार्यालयात हे बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. कळल्यावर एका सहकाऱ्यानं कादंबरी वाचली आणि दबकत विचारलं, "मॅडम, यातला साहेब म्हंजी आपला साहेब का?"

"न्हाई," आपा म्हणाल्या. "आपला साहेब कुणाला खरा वाटला नसता."

संपादन त्या हिरव्या शाईनं करायच्या. त्याचं कारण त्यांनीच सांगितलं. सरकारी कार्यालयात हिरवी शाई वापरायचा मान राजपत्रित अधिकाऱ्याचा. आपा त्या पदापर्यंत पोचल्या नाहीत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून हिरव्या पेनांचं खोकं आणलं आणि दिवाळी अंकाचं काम हातात घेतलं. "आता कोण कारणे दाखवा नोटीस देतंय बघू," एवढंच त्या म्हणाल्याचं त्यांची नणंद सांगायची. नणंद त्यांच्याजवळच राहायची. दोघी आपसात दखनी बोलायच्या, बाहेरच्यांशी घाटावरची मराठी, आणि आपा लिहायच्या मात्र शुद्ध, तुकतुकीत प्रमाण मराठीत. मी एकदा विचारलं, बोलता तसं का लिहीत नाही? त्या म्हणाल्या, "पात्रं बोलतात की तसं. मी मधी कशाला बोलू?"

एसटीतल्या प्रवासानं त्यांना वाचनाचा एक कायदा दिला होता. दौंडला गाडीत बसल्यावर नवं पुस्तक उघडायचं. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत लेखकाला मुदत. तोवर पुस्तकानं धरलं नाही तर पुस्तक बंद करून खिडकीबाहेर बघायचं. "बाहेर निदान ऊस असतो," असं त्या म्हणायच्या. मोठमोठ्या नावांचे लेखक न्हावऱ्याच्या अलीकडंच उतरलेले मला माहीत आहेत. ती नावं त्यांनी आम्हाला सांगितली होती, मी सांगणार नाही.

याच भागात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. हजारो वर्षांपूर्वीची वस्ती तिथं उकरून काढली होती. आपा नव्या लेखकाला कधी कधी इनामगावचा दाखला द्यायच्या. "तिथं उकरल्यावर काय सापडलं? चुली सापडल्या, रांजण सापडले, हाडं सापडली. कुणाचं मत सापडलं का? मंग कथेत कशाला एवढी पुरता?"

म्हणजे आपांना मतं नव्हती असं नाही. भरपूर होती आणि पक्की होती. त्यांच्याकडं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंची दोन वर्तमानपत्रं यायची. न पटणारं त्या सकाळी पहिल्या चहाबरोबर वाचायच्या, पटणारं दुपारी डोळे जड झाल्यावर. विचारलं तर म्हणायच्या, "आपलं काय, आपल्याला ठावंच असतं. झोप लागली तरी चालतंय."

महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या त्या बाहेरच्या खोलीत आम्ही सातआठ जण जमायचो. कुणी एक पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं. पुस्तक कसं वाटलं, असं आपा कधीच विचारायच्या नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "कंटाळा कुठं आला?" आवडलं हे माणूस खोटं सांगू शकतो, कंटाळ्याचं पान मात्र पुस्तक वाचल्याशिवाय सांगता येत नाही. एका निवृत्त हेडमास्तरांनी एकदा "कुठंच नाही, अप्रतिम आहे," असं सांगितलं. आपांनी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. त्यांनी पट्टीनं पानं सोडवून पुस्तक परत दिलं.

पुस्तकावरनं गाडी राजकारणावर यायचीच. त्यासाठीही नियम होता. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं, आणि त्यानं "व्हय, हेच म्हणायचं होतं," असं म्हटल्यावरच पुढं बोलायचं. या नियमानं आमच्यातले वाद मिटले असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. उलट लांबले. कालव्याचं पाणी आधी कुणाला, यावरचा एक वाद दोन बैठका चालला, कारण पहिलं वाक्यच मंजूर होईना.

आता सर्जेराव बापूंची गोष्ट सांगतो.

बापू वरवंडच्या पलीकडच्या एका गावचे. गावाचं नाव कशाला घ्या. दोनदा सरपंच झालेले, तिसऱ्यांदा उभे राहणारे. शेतीभाती उत्तम, आवाज मोठा. त्यांनी कादंबरी लिहिली होती. ती घेऊन ते आपांकडं आले, आणि योगायोगानं मी तिथं बसलेलो होतो. कादंबरीत एक सज्जन सरपंच आणि एक दुष्ट चुलतभाऊ होता. बापूंच्या गावात बापूंचे चुलतभाऊ हणमंत तात्या हे विरोधी पॅनेलचे पुढारी होते. विहिरीच्या पाण्यावरून दोघांची कोर्टात केस चालू होती आणि बोलणं बंद होतं, त्यामुळं कथानक कुठून आलं हे शोधावं लागलं नाही.

आपांनी कादंबरी ठेवून घेतली. पुढच्या रविवारी बापू आले.

"बापू, तुमचा नायक मेलेला हाय," आपा म्हणाल्या.

"न्हाई आपा, शेवटी जिंकतो ना तो!"

"जिंकू द्या. पयल्या पानापासनं मेलेला हाय. निस्ता खरं बोलतो. आन् तुमचा खलनायक निस्ता हसतो. 'खदाखदा हसला', 'विकट हसला', 'छद्मी हसला'. एवढं हसणारा माणूस जेवतो कवा?"

बापूंनी माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तकांकडं पाहिलं.

"त्याच्या घरात चूल न्हाई, माणूस न्हाई, दुखणं न्हाई. हा राहतो कुठं?"

"आता त्याच्या घरी मी कशाला जातोय आपा. धा-बारा वर्सं झाली, उंबरा चढलो न्हाई."

"मंग चढा. बघून या आन् लिवा. न्हाईतर खलनायक काढून टाका."

खलनायक काढला तर कादंबरी उरत नव्हती. बापू महिनाभर आले नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायच्या निमित्तानं ते तात्यांच्या घरी गेले होते. त्या घरातली बाई, म्हणजे बापूंची भावजय, अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळलेली. गावाला ठाऊक होतं, बापूंनाही ऐकून ठाऊक होतं. ते दारात उभे राहिले तेव्हा तात्या भिंतीला टेकून बसले होते, बायकोला पुढ्यात बसवलं होतं, दातात कंगवा धरला होता आणि ते तिचे केस विंचरत होते.

"आपा," बापू म्हणाले, "माझा खलनायक बायकूची येणी घालतो. आता काय करू?"

"लिवा."

"लिवलं तर लोक त्याच्या बाजूनं व्हतील."

"चांगलं लिवलं तर व्हतील."

दुष्टावा करायला आलेला माणूस मी पाहिला आहे, पण दुष्टावा हातातून निसटताना इतका हवालदिल झालेला माणूस दुसरा पाहिला नाही. मग त्यांनी ते प्रकरण लिहिलं. किती वेळा लिहिलं हे मला माहीत नाही. आपांनी त्यातली सगळी विशेषणं हिरव्या शाईनं काढली, आणि उरलं ते खरंच चांगलं होतं. ते दिवाळी अंकात छापलं. नावं बदललेली होती. ओळखायला गावातल्या कुणालाही त्याची अडचण झाली नाही.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तात्यांच्या पॅनेलनं त्या प्रकरणाच्या झेरॉक्स काढल्या आणि घरोघर वाटल्या. शेवटच्या सभेत एका बाईनं ते मोठ्यानं वाचलं. खाली लेखक म्हणून बापूंचं नाव होतंच. बापूंचं पॅनेल आडवं झालं.

निकालानंतरच्या रविवारी बापू आपांच्या दारात उभे राहिले. आमची बैठक चालू होती. ते चप्पल न काढता म्हणाले, "आपा, मी पडलो."

"ऐकलं."

"तुमच्यामुळं पडलो."

"आत येऊन बोला. चप्पल काढा."

बापूंनी चप्पल काढली, आत आले, खुर्चीत बसले. भांडणाची सगळी तयारी करून आलेला माणूस बसला की त्याची निम्मी तयारी वाया जाते. थोड्या वेळानं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "पर ते प्रकरण कसं झालंय?"

"शेवटचा परिच्छेद लांबलाय," आपा म्हणाल्या.

यावर बापूंचं काय झालं असतं सांगता येत नाही, कारण तेवढ्यात दारात दुसरे एक गृहस्थ आले. उन्हानं रापलेले, हातात दिवाळी अंक. बापू ताडकन उभे राहिले. त्यावरून आम्हाला कळलं की हे तात्या.

तात्यांनी बापूंकडं बघितलंही नाही. ते आपांना म्हणाले, "तुम्हीच का छापणाऱ्या? यात एक चुकीचं पडलंय."

"काय?"

"येणी न्हाई. आंबाडा. मी तिला आंबाडा बांधतो. येणी झोपल्यावर तिच्या मानंला टोचती."

आपांनी अंक हातात घेतला, पान काढलं, हिरव्या पेनानं 'वेणी' खोडून वर 'अंबाडा' लिहिलं आणि तात्यांना दाखवलं. "पुस्तक निघंल तवा दुरुस्त करू."

"तेवढं करा," तात्या म्हणाले. मग बापूंकडं न बघताच ते म्हणाले, "बाकी, तू तिला बघितलंस तवा तिनं तुला वळखलं व्हतं. मला नंतर म्हणली. तू बोलला न्हाईस."

बापू म्हणाले, "काय बोलू सुचलं न्हाई."

तात्या चहा घेऊन गेले. समेट वगैरे झाला नाही. विहिरीची केस चालूच राहिली. फक्त पुढच्या तारखेला दोघं एकाच जीपनं कोर्टात गेले, कारण तात्यांची गाडी गॅरेजला होती, असं बापू सांगत होते. तात्यांची गाडी त्यानंतर बऱ्याच तारखांना गॅरेजला असायची. कादंबरी निघाली. तिच्यात खलनायक नाही. खप बेताचाच आहे.

आपांना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा मात्र काहीतरी झालं होतं.

जगदाळे नावाचे आमच्यात एक जण होते. रेल्वे इंजिनाचे निवृत्त ड्रायव्हर, आपांच्या नवऱ्याचे जुने दोस्त. नवरा वारल्यापासून सणासुदीला घरी येणारे, नणंदेला दवाखान्यात नेणारे. त्या वर्षी कुठंतरी लांब दंगल झाली होती. आमच्या भागात काही झालं नव्हतं, पण मोबाइलवर रोज काहीतरी फिरत होतं आणि माणसं बाजारात एकमेकांकडं जरा उशिरानं बघत होती. त्या रविवारी पुस्तक बाजूलाच राहिलं. जगदाळे अस्वस्थ होते. ते आपांकडं वळून म्हणाले, "ते जाऊ द्या. तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?"

"माझ्या लोकांचं?" आपा म्हणाल्या. "पाटबंधारे खात्याचं म्हणणं हाय, कालव्याचं आवर्तन उशिरा सुटंल."

दोघंतिघं हसले. जगदाळे हसले नाहीत. "मस्करी नको आपा. मी सरळ विचारतोय."

"मंग नियमानं विचारा. माझं म्हणणं काय असंल, ते आधी तुम्ही सांगा. बरोबर असंल तर मी व्हय म्हणते."

जगदाळ्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं त्या घरात जेवलेल्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना. त्यांचे कान लाल झाले. आपा उठल्या आणि चहा करायला आत गेल्या. त्या दिवशी चहात साखर नव्हती. आपांच्या हातून असं कधी होत नसे. आम्ही सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

जगदाळे पुढच्या महिन्यात येणार नाहीत असं आम्हाला वाटलं. ते आले, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "तुम्हाला म्हणायचंय की तुम्हालाही भीती वाटते."

"न्हाई," आपा म्हणाल्या. "परत."

त्याच्या पुढच्या महिन्यात ते म्हणाले, "तुम्हाला म्हणायचंय की सगळे सारखे नसतात."

"हे तुमच्या मोबाइलात आलं व्हतं. परत."

असं बरेच महिने चाललं. पुस्तकाची चर्चा सुरू व्हायच्या आधी जगदाळ्यांचं वाक्य व्हायचं, आपा 'परत' म्हणायच्या, आणि मग आम्ही कंटाळ्याकडं वळायचो. हेडमास्तर मला बाहेर म्हणाले की हे जरा अति होतंय. मलाही तसंच वाटत होतं. जगदाळ्यांना तसं वाटत असल्याचं दिसलं नाही. त्यांची प्रकृती बरी नव्हती तेव्हाही ते रिक्षा करून आले.

एका रविवारी ते नेहमीच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला वाटतं, तुम्हाला कुणाच्या वतीनं बोलायचंच नाहीये. तुम्हाला तुमचं बोलायचंय. आणि ते आम्ही कधी विचारलंच नाही."

आपांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हेच."

"मग बोला की आता."

"आता चहा गार व्हईल," आपा म्हणाल्या. पण त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही सगळे निघालो आणि जगदाळे निघाले नाहीत. मी गल्लीच्या तोंडाशी गाडी काढताना मागं पाहिलं तर खिडकीतून आपांचा हात दिसत होता. त्या काहीतरी सांगत होत्या. हात हलवून बोलताना त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं. काय बोलल्या, हे जगदाळ्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

शेवटची दोन वर्षं आपांची दृष्टी अधू झाली होती. भिंग घेऊन एकेक ओळ वाचायच्या. कुणी वाचून दाखवू म्हटलं तर नको म्हणायच्या, तुम्ही तुमच्या आवाजात वाचता आणि लेखकाचा आवाज बुडतो, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत त्या गेल्या. त्याच्या थोडं आधी निवडणूक होती, तेव्हाची भेट शेवटची ठरली.

मी सकाळी शिरूरला मत देऊन त्यांना केंद्रावर न्यायला दौंडला गेलो. त्या आधीच तयार होऊन बसल्या होत्या. मतदान केंद्र एका शाळेत होतं. गेटच्या बऱ्याच अलीकडं टेबल टाकून कार्यकर्ते चिठ्ठ्या देत होते. त्यातला एक मिशाळ गृहस्थ काठी टेकत आलेल्या आपांना बघून लगबगीनं उठला, त्यांना खुर्ची दिली आणि वाकून मोठ्यानं विचारलं, "मावशी, वाचता येतं का?"

मी पुढं झालो. हा कोणाला विचारतोय हे त्याला सांगायलाच हवं होतं. आपांनी माझं मनगट धरलं.

"थोडंथोडं येतं," त्या म्हणाल्या.

"हरकत न्हाई. घाबरायचं न्हाई." त्यानं चिठ्ठीवरचं नाव, क्रमांक, खोली, सगळं एकेक अक्षर सुटं करून वाचून दाखवलं. आत गेल्यावर बोटाला शाई कोण लावील, मशीन कुठं असेल, बटण किती जोरानं दाबायचं, हे हातवारे करून समजावलं. आपा तोंड वर करून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"समजलं का मावशी?"

"समजलं. चांगलं सांगता तुम्ही. कुठं अडखळला न्हाईत."

इतक्या वर्षांत मी आपांना सतरा कथा दाखवल्या असतील. असं त्या मला कधी म्हणाल्या नव्हत्या.

मी त्यांना खोलीच्या दारापर्यंत सोडलं आणि बाहेर थांबलो. त्यांनी सही केली, शाई लावून घेतली आणि काठी टेकत पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या. आता तिथून फक्त त्यांचा पदर दिसत होता. वेळ जाऊ लागला. मशीन वाजलं नाही. रांगेतली माणसं माना वाकड्या करून बघू लागली, मागून कुणीतरी "झोपल्या काय?" म्हणालं. टेबलामागचे अधिकारी शेवटी अर्धवट उठले.

"आजी, काही अडचण आहे का? एक बटण दाबायचं फक्त."

"अडचण न्हाई," आडोशामागून आवाज आला. "अजून दोन उमेदवार राहिल्यात. वाचतीय."